पॅडल की पेडल?

या खेपेला आलेली बहुतेक पत्रं गिअरबॉक्सबद्दलची आहेत. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवले आणि पान याच विषयाला दिलं.

प्रश्न : पहिली स्पोर्ट्स कार घ्यायची आहे. एकच मॉडेल सहा गिअरच्या मॅन्युअलमध्ये मिळतं आणि आठ गिअरच्या ऑटोमॅटिकमध्येही. कागदावर ऑटोमॅटिक जास्त वेगवान आहे. मग मॅन्युअल घेणं म्हणजे हौसेपोटी हळू गाडी घरी आणणं नाही का?

उत्तर : कागद खोटं बोलत नाही, पण तो एकाच प्रसंगाबद्दल बोलतो. गाडी उभी आहे, रस्ता मोकळा आहे आणि ॲक्सिलरेटर तळाला टेकवलाय. 2021 सालच्या पोर्शे 911 जीटी3चे आकडे बघा. ड्युअल क्लचवाली (ऑटोमॅटिकचाच एक प्रकार) गाडी 3.4 सेकंदांत 100चा वेग गाठते, मॅन्युअलला 3.9 सेकंद लागतात. पण कमाल वेग मॅन्युअलचा 320 आणि ड्युअल क्लचचा 318, आणि मॅन्युअल 17 किलोंनी हलकी. बीएमडब्ल्यूच्या 2023 सालच्या एम2मध्ये तर फरक उरतो 0.2 सेकंदांचा, 4.1 विरुद्ध 4.3. हा फरक मुख्यतः गाडी जागेवरून सुटताना आणि पहिल्यातून दुसऱ्यात जाताना पडतो. जागेवरून असं सुटणं तुमच्या आठवड्यात किती वेळा घडतं, ते तुम्हीच सांगा.

निर्णय दुसऱ्या हिशोबाने घ्या. आठवडाभर एका वहीत रोजच्या प्रवासाची मिनिटं लिहा आणि त्यातली किती मिनिटं पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, हाफ क्लचवर रांगण्यात गेली ते शेजारी टिपा. निम्म्याहून जास्त वेळ रांगण्यात जात असेल आणि घरात ही एकच गाडी असणार असेल, तर ऑटोमॅटिक घ्या. सुटीच्या दिवशी वळणांचा मोकळा रस्ता गाठायला गाडी हवी असेल, तर मॅन्युअल घ्या आणि त्या अर्ध्या सेकंदाचा विचार सोडा.

मॅन्युअल नक्की करण्याआधी एक गणित मात्र कराच, कारण ते शोरूममध्ये कुणी करून दाखवत नाही. प्रत्येक गिअरचं गुणोत्तर आणि फायनल ड्राइव्हचं (गिअरबॉक्सनंतर चाकांकडे जाताना लागणाऱ्या शेवटच्या दातेरी जोडीचं) गुणोत्तर माहितीपत्रकात छापलेलं असतं. इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे गुणिले टायरचा घेर मीटरमध्ये गुणिले 60, भागिले दोन्ही गुणोत्तरांचा गुणाकार, भागिले 1000. उत्तर ताशी किलोमीटरमध्ये येतं. समजा 7000 फेरे, घेर 2 मीटर, दुसऱ्या गिअरचं गुणोत्तर 2.19 आणि फायनल ड्राइव्ह 4.1. दुसरा गिअर साधारण 94पर्यंत जातो. म्हणजे कायदा पाळूनही दोन-तीन गिअर मनापासून वापरता येतात. हेच उत्तर 130च्या घरात आलं, तर सार्वजनिक रस्त्यावर तुमच्या हाती दीड गिअर उरला. मग तो लिव्हर कितीही गोड चालत असला तरी त्याला हात लावायची वेळच येत नाही. टोयोटाची जीआर सुप्रा 2019मध्ये केवळ ऑटोमॅटिकमध्ये आली. 2022मध्ये तिला मॅन्युअल दिलं तेव्हा कंपनीने फायनल ड्राइव्ह 3.15वरून 3.46वर नेला. क्लचचं पेडल बसवून भागत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

चालवून बघताना सीट अशी लावा की क्लच तळापर्यंत दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहील. पाय पूर्ण ताठ होत असेल, तर तासाभरात मांडी भरून येते आणि दोष गाडीला दिला जातो.

प्रश्न : विक्रेता म्हणतो, "ऑटोमॅटिक म्हणजे ऑटोमॅटिक, आतलं काय करायचंय?" खरंच फरक पडत नाही का?

उत्तर : भरपूर पडतो. पत्रांमधला निम्मा गोंधळ या एका शब्दानेच केलाय.

ड्युअल क्लचमध्ये विषम गिअर एका शाफ्टवर आणि सम गिअर दुसऱ्यावर असतात, दोघांना वेगवेगळा क्लच. तुम्ही तिसऱ्यात असता तेव्हा चौथा आधीच अडकवून तयार असतो. एक क्लच सुटतो तसा दुसरा धरतो, त्यामुळे चाकांकडे जाणारा जोर जवळजवळ तुटतच नाही. रस्त्यावरच्या गाडीत हा प्रकार 2003मध्ये फोक्सवॅगनच्या गोल्फ आर32मधून आला. पण कितीही हुशार झाला तरी तो क्लचच. घसरला की तापतो, तापला की झिजतो. दोन्ही क्लच तेलात बुडालेले असतील तर ती उष्णता तेल वाहून नेतं. कोरडे असतील तर भरवसा हवेवर.

टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेल असतं. जागेवरून निघताना हे यंत्र इंजिनाचा टॉर्क जवळपास दुपटीपर्यंत वाढवून देतं, आणि रांगताना घासायला प्लेट नसल्यामुळे गर्दीत ते सगळ्यात सोशिक. वेग घेतला की आतला लॉकअप क्लच दोन्ही बाजू घट्ट जोडतो. "टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे रबरी गाडी" हे मत जुन्या चार-पाच गिअरच्या गाड्यांवरून बनलंय. आजच्या आठ गिअरच्या गाडीत बसून ते कुणी म्हणणार नाही. आमचा कौल विचाराल तर रोज वापरायच्या स्पोर्ट्स कारमध्ये टॉर्क कन्व्हर्टर, आणि ट्रॅकवर नेण्यासाठीच ठेवलेल्या गाडीत ओल्या क्लचचा ड्युअल क्लच.

तिसरा प्रकार जुन्या गाड्यांमध्ये भेटतो: साधाच मॅन्युअल गिअरबॉक्स, एकच क्लच, आणि तो दाबायला हायड्रॉलिक पंप. 1997च्या फेरारी एफ355 एफ1पासून हा प्रकार रस्त्यावर दिसू लागला. गिअर बदलताना डोकं पुढे-मागे हलतं. पंप, रिले आणि ॲक्च्युएटर या तिघांची प्रकृती तपासल्याशिवाय अशी गाडी घेऊ नका.

प्रश्न : स्टीअरिंगमागची पॅडल ओढून सारखे गिअर बदलले तर गिअरबॉक्स खराब होतो का?

उत्तर : नाही. इंजिनाचे फेरे मर्यादेबाहेर जातील असा खालचा गिअर मागितला, तर कॉम्प्युटर तो देतच नाही.

प्रश्न : वापरलेली मॅन्युअल स्पोर्ट्स कार बघायला जायचं आहे. गिअरबॉक्सचं काय तपासू?

उत्तर : मालकाला आधीच सांगा की इंजिन गरम करून ठेवू नका. बॉनेटला हात लावून खात्री करा. गार गाडीत पहिल्या दोन किलोमीटरमध्ये दुसरा गिअर थोडा जड पडणं साहजिक आहे, तेल घट्ट असतं. पंधरा मिनिटं चालवल्यावरही तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना करकर झाली, तर सिंक्रो रिंग (गिअर अडकण्याआधी दोन्ही बाजूंचा वेग जुळवणारी कडी) झिजलीय. ॲक्सिलरेटर सोडताच गिअर आपोआप सुटून न्यूट्रलमध्ये आला, तर तिथूनच परत फिरा.

मग गाडी न्यूट्रलमध्ये उभी ठेवा आणि खिडकी उघडून ऐका. क्लच सोडलेला असताना घरघर येते आणि दाबल्यावर थांबते, तर संशय गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या बेअरिंगवर. उलट, दाबल्यावर आवाज सुरू झाला तर क्लचचं रिलीज बेअरिंग. इंजिन बंद करताना खालून खडखड आली, तर ड्युअल मास फ्लायव्हील (इंजिनाचे हादरे शोषणारं दुपदरी जड चाक). पेडल हळूहळू तळाला बसत असेल किंवा दाबल्यावर वर यायला वेळ लागत असेल, तर पेडलचा दाब तेलातून क्लचपर्यंत पोचवणारा मास्टर किंवा स्लेव्ह सिलेंडर गळतोय.

क्लच घसरतोय का, ते सपाट मोकळ्या रस्त्यावर कळतं. वरच्या गिअरमध्ये 2000 ते 2500 फेऱ्यांवर पूर्ण ॲक्सिलरेटर द्या. काटा वर पळाला आणि वेग मागे राहिला, तर क्लच संपला. पहिल्या गिअरमध्ये ही परीक्षा घेण्यात अर्थ नाही, तिथे घसरणारा क्लचही धकून जातो. क्लचच्या कामात खरा खर्च गिअरबॉक्स उतरवण्याचा असतो. म्हणून प्लेटबरोबर प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि असेल तर पायलट बेअरिंग एकदमच बदला. बेलहाउसिंगच्या (क्लचभोवतीच्या कवचाच्या) आत बसणारा स्लेव्ह सिलेंडर असेल तर तोही. फ्लायव्हीलचा पृष्ठभाग आणि क्रँकचं मागचं सील त्याच वेळी बघून घ्या. वीस मिनिटांच्या आळसापायी तेच काम दुसऱ्यांदा काढावं लागतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तिसऱ्यातून चौथ्यात टाकायला गेला आणि हात चुकून दुसऱ्यात पडला, असं झालं की इंजिनाचं काय होतं? वरच्याच उदाहरणात तिसऱ्याचं गुणोत्तर 1.54 धरा. 7000 फेऱ्यांवरून दुसऱ्यात पडताच फेरे 9900च्या पुढे. फेऱ्यांवर मर्यादा घालणारा रेव्ह लिमिटर इंधन तोडतो, पण इथे इंजिनाला चाकं फिरवत असतात, त्यांना तो अडवू शकत नाही. व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात, कनेक्टिंग रॉडच्या बोल्टवर भलताच ताण येतो, आणि कधी लगेच काही न होता तो घाव पुढच्या मालकाच्या नशिबी येतो. काही गाड्यांच्या कॉम्प्युटरमध्ये याची नोंद राहते. पोर्शेमध्ये तर जादा फेऱ्यांच्या वेगवेगळ्या टप्प्यांची मोजदाद असते आणि प्रत्येक टप्प्याची शेवटची नोंद इंजिनाच्या कितव्या तासाला झाली तेही कळतं. हा अहवाल मागा. द्यायला टाळाटाळ झाली, तर तेच उत्तर समजा.

प्रश्न : माझी ड्युअल क्लचची गाडी चढावर रांगेत असताना थरथरते. कधी जळका वासही येतो. बिघाड आहे का?

उत्तर : बहुधा सवयीचा दोष आहे. तुम्ही चढावर गाडी ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर धरून ठेवत असणार. त्या वेळी क्लच सतत अर्धवट घसरत राहतो. मॅन्युअलमध्ये असं केलं की डाव्या पायाला कळतं, इथे कळायला मार्ग नाही. पाय ब्रेकवर पक्का ठेवा, हलका नको. ब्रेक नीट दाबला की क्लच पूर्ण सुटतो, त्यासाठी न्यूट्रल करायची गरज नाही. पुढे एक-दोन गाड्यांएवढी जागा होऊ द्या, मग ब्रेक सोडून ठाम ॲक्सिलरेटर द्या, म्हणजे क्लच लवकर पूर्ण धरेल. इंच-इंच सरकणं बंद करा. वास आलाच तर बाजूला थांबून क्लच गार होऊ द्या. आठवडाभर असं चालवूनही सपाट रस्त्यावर निघताना थरथर राहिली, तर क्लचची अनुकूलन मूल्यं (क्लच नेमका कुठे धरतो याच्या कॉम्प्युटरमधल्या नोंदी) नव्याने लिहून घ्या. तेवढ्यानेही भागलं नाही, तर प्लेटची जाडी बघावी लागेल.

प्रश्न : मॅन्युअलमध्ये आता गाडीच आपोआप रेस देऊन फेरे जुळवते. मग टाच-चवडा, म्हणजे एकाच पायाने ब्रेक आणि ॲक्सिलरेटर सांभाळणं, शिकायचा कशाला?

उत्तर : निसान 370झेडमध्ये ही सोय आली तेव्हापासून हा वाद चालू आहे. सोय चांगलीच आहे. तरी ती बंद करून शिका, कारण ही सोय नसलेली गाडी केव्हातरी हाती येतेच. चवडा ब्रेकवर, दाब अजिबात न बदलता. क्लच खाली. पायाची उजवी कड फिरवून ॲक्सिलरेटरला टिचकी. गिअर खाली. क्लच वर. वरच्या उदाहरणात चौथ्याचं गुणोत्तर 1.21 असेल, तर चौथ्यात 4000वर असताना तिसऱ्याला त्याच वेगात साधारण 5100 फेरे लागतात. टिचकी त्या 1100 फेऱ्यांसाठी. ती दिली नाही तर हा फरक मागची चाकं भरून काढतात, आणि ओल्या वळणात ती क्षणभर पकड सोडतात. आधी उभ्या गाडीत, इंजिन बंद ठेवून पायांची जागा बसवा. ब्रेकचं पेडल ॲक्सिलरेटरपेक्षा फार उंच असेल तर दोष तुमचा नाही.

प्रश्न : "गिअरबॉक्सचं तेल आयुष्यभर पुरतं" असं गाडीच्या पुस्तिकेत लिहिलंय. खरं का?

उत्तर : कुणाचं आयुष्य, ते लिहिलेलं नसतं. कित्येक स्पोर्ट्स कारमध्ये बसणारा आठ गिअरचा ऑटोमॅटिक बनवणारी झेडएफ कंपनी स्वतः 80,000 ते 1,20,000 किलोमीटरला तेल बदला म्हणते. फोक्सवॅगनच्या सहा गिअरच्या ओल्या ड्युअल क्लचला 60,000ला तेल आणि फिल्टर लागतो. ऑटोमॅटिकची पातळी इंजिन चालू ठेवून, तेलाचं ठरलेलं तापमान बघून भरायची असते. गॅरेजवाल्याने तापमान वाचायला स्कॅनर लावला नाही, तर काम अंदाजपंचे चाललंय. मॅन्युअलमध्ये पितळी सिंक्रो असेल आणि पुस्तिकेत तेलाचा दर्जा जीएल-4 लिहिला असेल, तर जीएल-5 "वरच्या दर्जाचं" म्हणून घालू नका. तो दर्जा डिफरन्शियलच्या दातांसाठी आहे. सिंक्रोला धरायला घर्षण लागतं, आणि हे तेल नेमकं तेच कमी करतं.

प्रश्न : मॅन्युअलवरून ऑटोमॅटिकवर आलोय. डाव्या पायाने ब्रेक लावायला शिकू का?

उत्तर : रस्त्यावर नको. तुमच्या डाव्या पायाला इतकी वर्षं पेडल तळापर्यंत दाबायची सवय आहे, ब्रेकवर तो तेच करणार आणि मागच्याच्या बंपरची खबर घ्यावी लागेल. शिकायचंच तर मोकळ्या मैदानात, 20च्या वेगाने, टाच जमिनीवर टेकवून. दोन्ही पेडल एकदम दाबली की कित्येक गाड्या इंजिनाचा जोर कापतात, तेव्हा गाडी दमल्यासारखी वाटली तर घाबरू नका, उजवा पाय उचला.