ओटा घरीच ठेवून जा

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. रोजची हिंजवडीची ये-जा, शनिवारी मॉल, रविवारी लेकीचे क्लास आणि घरात पाय ठेवायला जागा नाही इतकं सामान. म्हणून कॅम्पर, म्हणजे आतच झोपायची-रांधायची सोय असलेली गाडी घ्यायची, चौघांनी महिन्यातून दोनदा बाहेर पडायचं आणि जगणं जरा सुटसुटीत करायचं. विचार मनापासून आवडला. चौदा वर्षं आम्ही हेच करतोय, म्हणून हक्काने लिहितो.

गाडी आत्ताच घेऊ नकोस. आधी आहे त्या गाडीत तंबू टाकून चार मुक्काम कर, मग एकदा कॅम्पर भाड्याने घेऊन बघ. राज्याने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरणच आणलंय. जुनी व्हॅन घेऊन आतून बदलून घ्यायचं तुझ्या मनात आहे, पण मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आधी वाच. आर.सी.वर नोंदलेल्या रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. गॅरेजवाला ‘होऊन जाईल’ म्हणेल. तू मात्र आर.टी.ओ.त स्वतः विचारून ये.

आता जे खरं सांगायचंय ते. आमच्या पहिल्या मुक्कामाला आम्ही दोन कुकर, पोळपाट-लाटणं, मसाल्याचे तीन डबे, खलबत्ता, सगळं नेलं होतं. भोरजवळच्या भाटघर धरणाच्या काठी दिवस मावळत होता. मी खुर्ची टाकून पाण्याकडे बघत बसलो होतो आणि तुझी काकू टॉर्च दातांत धरून पिशव्यांमध्ये चहाची गाळणी शोधत होती. नंतर पोळ्या, मग भांडी. त्या रात्री चांदणं काय पडलं होतं! तिने वर मान करून पाहिलंही नाही. परत येताना कापूरहोळला चहाला थांबलो, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, “तुमची सुट्टी झाली. माझा ओटा तेवढा भोरला जाऊन आला.”

ते मला फार लागलं, आणि लागायलाच हवं होतं. तेव्हापासून मुक्कामावर चूल मी आणि मुलगा सांभाळतो. स्वयंपाकाचं सामान एका पत्र्याच्या पेटीत मावेल तेवढंच: एक कुकर, एक कढई, तवा, चार ताटल्या, सांडशी. गाळणी दोरीने पेटीच्या कडीलाच बांधून टाकली आहे. जेवण म्हणजे मुगाची खिचडी, भाजलेलं वांगं, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी. सकाळी भाजणीचं थालीपीठ. भाकरी ज्यांच्या रानात उतरतो त्यांच्या घरून, पैसे देऊन. कपड्यांना माणशी एकच पिशवी. गाडी कितीही मोठी घेतलीस, तरी हे ठरवल्याशिवाय सूनबाईंना तिथे विसावा मिळणार नाही, आणि एकीची दमछाक होत असेल तर घराचं जगणं साधं झालं असं मी तरी म्हणणार नाही.

पाणी तुझ्या लेकीच्या ताब्यात दे. नळ लावलेला वीस लिटरचा कॅन ठेव. माझ्या मुलीने पहिल्यांदा भांडी घासली तेव्हा अर्धा कॅन संपला. दुसऱ्या वेळी तिने ताटल्या आधी राखेने पुसून घेतल्या आणि तीन लिटरांत काम झालं. एक लिटर म्हणजे एक किलो हे तेव्हा कळतं, कारण तो कॅन उचलून आणावा लागतो.

ए.सी.चं विचारलंयस. 12 व्होल्ट, 100 अँपिअर-अवरच्या बॅटरीत साधारण 1200 वॉट-तास वीज मावते. एक किलोवॉटचा ए.सी. ती तासाभरात पिऊन टाकेल. पंखा आणि दोन दिवे यांवर भागव. डिसेंबरात भोरकडे गोधडीच लागते. आणि गारठा कितीही असो, दारं-खिडक्या लावून आत शेगडी पेटवायची नाही. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. झोपेतच माणूस जातो. यात सवलत नाही.

जागेचं बोलतो. वनखात्याच्या हद्दीत परवानगीशिवाय उतरू नकोस. गावात शिरून जमीनमालकाला विचार. पाणी ओसरल्यावर धरणाची जी गाळपेराची जमीन उघडी पडते, तिच्यावर गाडी घालू नकोस. एका मे महिन्यात आम्ही घातली. मध्यरात्री वळीव कोसळला आणि सकाळी पुढची चाकं आसापर्यंत काळ्या मातीत. एका शेतकऱ्याने ट्रॅक्टरने ओढून काढलं. पैसे देऊ केले तर घेईना. मुरुमाचा चढ बघून गाडी लाव, आणि पावसाळ्यात नदी-ओढ्याच्या काठी मुक्काम नकोच.

वहिनींचे गुडघे लक्षात घेता त्यांच्यासाठी शौचालय असलेलं शेतघर जवळ हवं. बाकीच्यांनी पाण्यापासून दोनशे फूट लांब, वीतभर खोल खड्डा करून नंतर बुजवायचा. यात लाजण्यासारखं काही नाही, लेकीलाही सरळ सांग.

पहिल्या चार मुक्कामांना आमचीच पेटी वापर. रविवारी सकाळी येऊन घेऊन जा, भाजणीही काकूने काढून ठेवली आहे. गाळणीची दोरी मात्र सोडू नकोस.

तुझा,
काका