कोरोनात खेड्यातल्या बायकांना रोगाबद्दल खरंच काही कळत होतं का, की नुसतं सांगितलं म्हणून मास्क लावत होत्या?

कळत होतं, आणि तुम्हाला वाटतंय त्यापेक्षा बरंच जास्त. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात आशा सेविका आहे, सप्टेंबर २०२० मध्ये "माझे कुटुंब, माझी जबाबदारी" ही सरकारी मोहीम सुरू झाली तेव्हा थर्मल गन आणि ऑक्सिमीटर घेऊन घरोघरी फिरलेय, त्यामुळे ऐकीव सांगत नाही.

रोग एकाचा दुसऱ्याला लागतो हे आमच्याकडे बायकांना शिकवावं लागलं नाही. पोराला माता आली की अंथरूण वेगळं, ताट-गिलास वेगळं, उशाशी कडुलिंबाचा डहाळा, मातीवरून आलं की आधी अंघोळ मग घरात, बाळंतिणीच्या खोलीत तर कोणी उठसूट जातच नाही. त्यामुळे साबणानं हात धुणं लगेच जमलं (पाणी मात्र लांबून डोक्यावर आणायचं, तेही तिनेच, त्याचं कोणी बोलत नाही).

अडलं ते श्वासापाशी. किराण्याची पाकिटं धुऊन घेणार, पण संक्रांतीच्या हळदीकुंकवाला दारं-खिडक्या लावलेल्या खोलीत पंधरा-वीस जणी खेटून आणि मास्क हनुवटीवर. एक मावशी मला म्हणाल्या, "अवं पोरी, इथं कोणीच खोकलून नाही राहिलं, मंग काहून तोंड बांधू?" खोकला नसलेल्या माणसाकडूनही हा रोग लागतो हे कितीदा सांगितलं तरी पटेना. मग मी म्हटलं मावशी, चूल तुम्ही इथं पेटवता पण धुराचा वास मागच्या खोलीतल्या कपड्यांना लागतो ना, श्वास तसाच पसरतो, फक्त दिसत नाही. त्या काही बोलल्या नाहीत, उठल्या आणि थंडीसाठी खिडकीत कोंबलेलं पोतं ओढून काढलं. नंतर त्याच बाकीच्यांना धुराचं सांगायच्या, माझ्यापेक्षा चांगलं.

आणि काही वेळा सगळं माहीत असूनही बाई गप्प बसते. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती-यवतमाळकडे पेशंट भराभर वाढले तेव्हाची गोष्ट, एकीला तीन दिवसांपासून ताप, घरात कोणाला सांगितलं नव्हतं. ऑक्सिजन ९२ दाखवला. बोट गार असेल म्हणून चोळून गरम केलं, परत लावलं, तरी तेच. ९५ च्या खाली आलं की दवाखान्यात पाठवायचं हे तिलाही ठाऊक होतं, मागच्या फेरीत मीच सांगितलं होतं. तरी माझा हात धरून म्हणते, "ताई, नोको लिहू. मले नेलं त लेकराईले कोन पाहीन?"

नवरा वावरातून येईपर्यंत मी तिच्या ओट्यावरच बसून राहिले. शेवटी जाऊ आली, दोन्ही लेकरं आपल्या घरी घेऊन गेली, तेव्हा कुठं ती गाडीत बसायला तयार झाली.