दोनशे तास आधी कुठून आणायचे?

बारावीचे निकाल लागले की दादरच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत एखादा तरी मुलगा नाहीतर मुलगी हा प्रश्न घेऊन येतेच, कधी आईसोबत, कधी बाबांना न सांगता. "मॅडम, कमर्शियल पायलटच्या ट्रेनिंगला आधीच विमान उडवल्याचे दोनशे तास लागतात म्हणे, ते कुठून आणायचे?"

खरं तर हे आधी लागतच नाहीत. आपल्याकडे डीजीसीएच्या, म्हणजे विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमात सुरुवात शून्य तासांवर होते. 200 तास लागतात ते सीपीएल, म्हणजे कमर्शियल पायलटचं लायसन्स हातात पडायला, आणि ते ट्रेनिंगमध्येच भरत जातात, त्यात 100 पायलट इन कमांड म्हणून (विमानाची जबाबदारी स्वतःकडे घेऊन), त्यातले 20 क्रॉस कंट्रीचे (एका ठिकाणाहून दूरच्या दुसऱ्या ठिकाणी), शिवाय फक्त उपकरणं बघून उडवण्याचे, म्हणजे इन्स्ट्रुमेंटचे 10 आणि रात्रीचे 5. घोळ होतो कारण पोरं रात्री बसून ब्रिटन-युरोपचं वाचतात. तिथे मॉड्युलर मार्गाने, म्हणजे टप्प्याटप्प्याने गेलात तर सीपीएलच्या कोर्सला बसायलाच 150 तास लागतात, अमेरिकेत नेहमीच्या मार्गाने लायसन्स मिळायला 250. हे सगळे आकडे डोक्यात एकत्र कालवले की झोप उडणारच.

पण हे सांगूनही प्रश्न संपत नाही, आणि माझं खरं काम तिथे सुरू होतं.

सोहम म्हणू त्याला, डोंबिवलीचा, 19 वर्षांचा. हे सगळे आकडे तो मलाच समजावत होता, एक्सेल शीट केलेली, धुळ्याचा खर्च, बारामतीचा खर्च, गोंदियाचा खर्च, पावसाळ्यात फ्लाइंग किती बंद राहतं तेसुद्धा. तरी प्रत्येक वेळी गाडी परत तिथेच, "पण मॅडम, 200 तास पूर्ण झाले नाहीत तर?"

ट्रेनिंग सुरू करायला आधी वैद्यकीय तपासणी लागते, तिच्याबद्दल एकदा मी मध्येच विचारलं, "क्लास 2 मेडिकल झाली?"

"करायचीय."

"कधीपासून करायचीय?"

आई म्हणाली, "दोन वर्षं झाली, ताई. दर वेळी म्हणतो पुढच्या महिन्यात."

सोहम बराच वेळ बॅगेची चेन उघडझाप करत बसला. मी गप्प राहिले. (गप्प राहणं ही या धंद्यातली सगळ्यात कठीण गोष्ट, ती मला आता बऱ्यापैकी जमते.) मग तो म्हणाला, "डोळ्यांत काही निघालं तर? सोसायटीत सगळे मला कॅप्टन म्हणतात. मग मी कोण?"

म्हणजे तासांची चिंता त्याला सोयीची होती. ती कितीही केली तरी निकाल लागत नाही. मेडिकलचा निकाल एका कागदावर लागतो, म्हणून तिकडे जायचंच नाही आणि दिवसभर तासांचा हिशोब करायचा. चिंता करतोय म्हणजे तयारीच करतोय असं घरच्यांनाही वाटतं.

मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या वाटेने जाणारी, म्हणजे माणूस स्वतःला काय सांगतो ते तपासणारी, त्यामुळे "काही होणार नाही रे" असला धीर मी देत नाही. त्याला म्हटलं, "अनफिट निघालास तर वाईट वाटेल, खूप वाटेल, महिनाभर जेवण जाणार नाही. पण 'मी कोणीच नाही' हे डॉक्टर रिपोर्टवर लिहीत नाहीत. ते खाली तू लिहिणार आहेस."

तो हसला. नुसता नाही, नाक पुसत हसला. तेवढ्यावरून मला कळलं की पुढचं आता तो स्वतः करेल, आणि त्या आठवड्यात अपॉइंटमेंट त्यानेच घेतली.

आता बाबा लोकांसाठी, कारण फ्लॅट तारण ठेवण्याची गोष्ट तुमच्याकडे येते. फ्लाइंग क्लबला एक रुपया भरण्याआधी क्लास 2 करा, आणि शक्यतो लायसन्ससाठी लागणारी क्लास 1 तपासणीसुद्धा होऊ द्या. चष्मा आहे म्हणून घाबरू नका, चष्म्याने नजर नियमात बसली तर चालतं. रंग ओळखण्याची तपासणी मात्र आधी करून घ्या. दरम्यान डीजीसीएच्या परीक्षेचे नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी (हवामान), रेग्युलेशन्सचे पेपर घरी अभ्यासता येतात, पासिंग 70 टक्के आहे त्यामुळे कॉलेजसारखं रट्टा मारून भागत नाही. बारावीला फिजिक्स-मॅथ्स नसेल तर ओपन स्कूलमधून देता येतं. आणि लायसन्सनंतर टाइप रेटिंगचा, म्हणजे ठरावीक प्रकारचं विमान उडवायला शिकण्याचा खर्च वेगळा असतो, तो कर्जाच्या हिशोबात पहिल्याच दिवशी धरा. सोहमच्या बाबांनी तो धरलाच नव्हता, शीटमध्ये नवीन रकाना घालावा लागला आणि तो बघून दोघं बापलेक माझ्यासमोरच भांडले.