ईको घेतलीत, आता गंजाकडे बघा

सेकंडहँड मारुती ईको व्हॅन घेतलीत, चांगलं केलंत. इंजिनाची फार चिंता नको. पुढच्या सीटखालीच आहे, सीट उचलली की हात पोचतो. आपल्याकडे कोकणात गाडी मरते ती गंजाने.

खारी हवा आणि तांबडा चिखल चाकांच्या कमानीत आणि बंपरमागे साचतो. वरून कितीही चकाचक पुसा, उपयोग शून्य. पाण्याचा जोर खालून मारा. सरकत्या दाराच्या खालच्या पट्टीतली रेती ब्रशने काढा, दाराच्या तळाची पाणी निघायची भोकं मोकळी ठेवा. पावसाआधी अंडरकोटिंग, म्हणजे गाडीच्या पोटाला गंजरोधक काळा थर, करायचं, पण गंज खरवडून आणि सुकवूनच. ओल्या गंजावर काळा थर म्हणजे निव्वळ पैशांची नासाडी.

बंपरमागची घाण काढायला बंपर सोडवावा लागतो, ते अवघड नाही. नवखे चुकतात ते इथे:
- चाकाच्या कमानीतले स्क्रू न काढताच ओढतात. बंपरचा कान (स्क्रू बसायची पट्टी) तुटतो.
- जुन्या प्लास्टिक क्लिपा तुटणारच. नव्या आधी आणून ठेवा.
- फॉगलॅम्प असतील तर वायरचा सॉकेट आधी सोडवा.

कडेने सोडवत या, मधून हिसका नको. दुसरं माणूस धरायला हवंच. गंजलेल्या बोल्टवर आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारा.

वेल्डिंग, पेंटचं नंतर बघू. आंबोली घाट चढायच्या आधी कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) मात्र तपासा, इंजिन गार असतानाच.