अर्जातले दोन शब्द

प्रिय लेकी,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र शनिवारी मिळालं. नोकरीला लागून चार महिने झाले, वर्ग हातात आला, पोरं घरी येऊन बोलवायला लागली, हे वाचून बरं वाटलं. केंद्रप्रमुखांनी २० नोव्हेंबरला बालहक्कांवर कार्यक्रम घ्यायला सांगितलंय म्हणून तू माझ्याकडे भाषण मागितलं आहेस. भाषण मी पाठवत नाही. मुलांना हक्क शिकवताना माझं काय चुकलं ते मात्र लिहिते. ते तुला जास्त उपयोगी पडेल.

माहिती तुझ्याकडे आहेच. २० नोव्हेंबर १९८९ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बालहक्क संहिता मंजूर केली, तिच्यात ५४ कलमं आहेत, आणि भारताने ती ११ डिसेंबर १९९२ ला मान्य केली. जगण्याचा, विकासाचा, संरक्षणाचा आणि सहभागाचा, असे चार हक्क तक्त्यावर रंगवतात. मीही रंगवले. मुलं ते कवितेसारखे पाठ म्हणायची, सरपंच टाळ्या वाजवायचे आणि दुसऱ्या दिवशी तक्ता कपाटामागे जायचा. कितीतरी वर्षांनी मी ती संहिता स्वतः पहिल्यापासून वाचली, तेव्हा ४२व्या कलमाशी थांबले. या संहितेतली तत्त्वं मोठ्यांना आणि मुलांना, दोघांनाही माहीत करून देण्याची जबाबदारी सरकारची आहे, असं ते कलम सांगतं. म्हणजे मुलाला त्याचा हक्क सांगणं हासुद्धा आपला चांगुलपणा नाही. ते त्याचं येणं आहे आणि आपण ते द्यायला बसलोय.

हे मला एका चिरेखाणीवरच्या बाईमुळे कळलं, तेही उशिरा.

शिक्षण हक्क कायदा लागू होऊन दोनेक वर्षं झाली होती. एका दुपारी ती वर्गाच्या दाराशी येऊन उभी राहिली. पदराला जांभ्याची तांबडी धूळ, सोबत आठ वर्षांची मुलगी आणि मुलीच्या कडेवर धाकटा भाऊ. विजापूरकडची माणसं, पाऊस संपला की खाणीवर येतात आणि पुढचा पाऊस तोंडावर आला की गावी जातात. जन्माचा दाखला नाही, आधीच्या शाळेचा दाखला नाही, आणि पहिलं सत्र तर संपलेलं. मी मुलीला वयाप्रमाणे तिसरीत घेतलं, नाव लिहिलं, पाटी दिली. आई वाकून पाया पडली. "बाई, तुमचे उपकार." मी म्हटलं, "असू दे, असू दे." त्या दिवशी घरी जाताना मला फार समाधान वाटलं होतं, ते मी तुझ्यापासून लपवत नाही.

पुढच्या वर्षी त्यांचा मुकादम खाडीपलीकडच्या दुसऱ्या खाणीवर गेला. फाल्गुनात आठवडी बाजारात ती मला भेटली. मुलगी शेजारी उभी, भाऊ कडेवरच. मी विचारलं, कितवीत बसते आता? आई म्हणाली, "तिथले गुरुजी दाखला मागतात. तिथं तुम्ही नाही ना, बाई."

हे वाक्य मी आजवर विसरलेले नाही. कायदा मला तोंडपाठ होता. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. मुदत संपून आलेल्या मुलालाही घ्यावं लागतं. जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला, हे सरकारी शाळेला कारण म्हणून सांगता येत नाही. हे सगळं मी तिला पहिल्या दिवशी दोन मिनिटांत सांगू शकले असते. सांगितलं असतं तर खाडीपलीकडच्या शाळेत ती घडाघडा बोलली असती, निदान "लिहून द्या" एवढं तरी म्हणाली असती. मी तिला प्रवेश दिला आणि हक्क माझ्यापाशीच ठेवून घेतला. उपकार माणसाबरोबर असतो, माणूस बदललं की संपतो. त्या पोरीचं पूर्ण वर्ष गेलं, आणि त्यात माझ्या त्या "असू दे, असू दे"चा वाटा आहे.

म्हणून तुला माझं पहिलं आणि खरं तर एकच सांगणं. मुलांसाठी जे करशील ते जरूर प्रेमाने कर, पण ते कशाच्या आधारावर करते आहेस ते त्याच वेळी, मोठ्याने, त्यांना समजेल अशा शब्दांत सांग. पोषण आहाराची खिचडी वाढताना, पुस्तकं वाटताना, नाव घालताना. "हे तुझं आहे" हे तीन शब्द पुरतात.

मग मी वर्गात शब्दांकडे लक्ष द्यायला लागले. सहावीच्या मुलींचा एक अर्ज सांगते. मुलींच्या स्वच्छतागृहाला कुलूप असायचं. बाहेरचे लोक घाण करतात म्हणून लावलेलं, किल्ली कार्यालयात खिळ्याला. पुरुष शिक्षकांसमोर जाऊन किल्ली मागायची कोणाची हिंमत? माझ्या लक्षात कशावरून आलं, तर शाळा सुटताना मुलींच्या बाटल्या भरलेल्या असायच्या. एप्रिलचा उकाडा, अंगाला चिकट घाम, आणि पोरी दिवसभर पाणी पीत नव्हत्या. तू तुझ्या शाळेत एकदा पाच वाजता बाटल्या बघ. हजेरीपत्रकात न सापडणारं पुष्कळ काही तिथे सापडतं.

मी स्वतः जाऊन कुलूप काढून घेऊ शकले असते. पण या वेळी मी मुलींना कायद्याच्या परिशिष्टातली ओळ वाचून दाखवली: मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं आणि पिण्याचं सुरक्षित पाणी शाळेत असलंच पाहिजे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या बायका असाव्या लागतात, हेही सांगितलं. मुलींनी अर्ज लिहिला. शेवटची ओळ होती, "तरी कुलूप काढून आमच्यावर कृपा करावी." मी विचारलं, कृपा का? त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. मग एकीने पेन घेतलं, "कृपा करावी" हे दोन शब्द खोडले, त्यांच्या आधीचं "आमच्यावर"ही खोडलं, "काढून"चं "काढावे" केलं, आणि ओळ झाली, "तरी कुलूप काढावे." नम्रपणे, सह्यांसकट. सभेत तो अर्ज एका मुलीच्या आजीने वाचला. आठ दिवसांत किल्ली मुलींच्याच ताब्यात आली, आणि झाडलोटीची पाळी त्यांनी आपणहून लावली.

कागदावर असलेला हक्क पायाखाली कसा येतो हे समजवायला तुला लांब जायची गरज नाही. आपल्याच कोकणातलं महाड आहे. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत असा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ मध्ये झाला, सीताराम केशव बोले यांनी मांडलेला. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही चवदार तळं खुलं केलं. कागद पुरा झाला. तरी तळ्याचं पाणी दलितांच्या ओंजळीत आलं नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो माणसांना घेऊन तळ्यावर चालत गेले आणि पाणी प्याले, तेव्हा ते आलं. त्यानंतर मारहाण झाली, कोर्टकचेरी झाली, आणि ती १९३७ पर्यंत चालली. हे मुलांना सनावळीसारखं सांगू नकोस. १९२४ आणि १९२७ या दोन आकड्यांमध्ये फळ्यावर मोकळी जागा सोड आणि विचार, या तीन वर्षांत तळ्याच्या काठी काय होत असेल? माझ्या वर्गातला एक मुलगा म्हणाला होता, "माणसं तळ्याकडे बघून पुढे जात असतील." मी त्यात काहीही भर घातली नाही.

तू लिहिलंस की सहकारी म्हणतात, हक्क शिकवलेत तर पोरं डोक्यावर बसतील. मलाही म्हणायचे. पालकसुद्धा यायचे, "बाई, मारा तेका. हाडां आमची, कातडां तुमचां." त्यांच्यावर रागावू नकोस, मास्तरांच्या छडीनेच माणूस घडतो असं त्यांनी आयुष्यभर ऐकलेलं असतं. पण त्यांना सांग की शिक्षण हक्क कायद्याच्या १७व्या कलमाने शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही बंद आहेत. त्यातलं दुसरं जास्त जप. छडी मी लवकर सोडली. "काय गं, मासळीच्या टोपलीतून वह्या आणल्यास का?" असलं बोलणं सुटायला वर्षं लागली. ती मुलगी त्या दिवसापासून मागच्या बाकावर गेली आणि मी तिला पुन्हा पुढे आणू शकले नाही. मुलं उर्मट होतात ती एकालाच हक्क आहे असं वाटल्यावर. शेजारच्यालाही तेवढाच आहे हे रोज दिसलं की वर्ग आपोआप आवरतो. मी हे अनेक वर्गांत पाहिलंय.

तुझी शाळा बंदराजवळ, म्हणून बालमजुरीवर बोलताना मात्र सांभाळून. कायद्याने १४ वर्षांखालच्या मुलाला कामाला ठेवता येत नाही. घरच्या उद्योगात शाळेच्या वेळेनंतर किंवा सुट्टीत मदत चालते. तू वर्गात "बालमजुरी गुन्हा आहे" एवढंच म्हणालीस तर ज्याचा बाप पहाटे होडी लावतो आणि जो मासळी निवडायला हात लावतो, तो मान खाली घालेल. आपला बाप गुन्हेगार, असं त्याला वाटेल. मी फळ्यावर दोन रकाने केले होते, घरची मदत आणि मजुरी, आणि मुलांनाच भरायला सांगितलं. जाळं विणणं, सुकी मासळी वळवणं, लिलावात पाट्या उचलणं, कोळंबी सोलून किलोवर पैसे घेणं. दोन्ही बाजूंनी कचाकचा भांडण झालं. मग एक मुलगी उठली. "आई कोळंबी सोलायला जाते म्हणून मी भावाला सांभाळते आणि शाळा बुडवते. ते कुठल्या रकान्यात?" तिला पैसे मिळत नव्हते, ती कोणाच्या कामावर नव्हती, आणि शाळा तर बुडत होती. वर्ग गप्प झाला. मीही. तास संपला तरी तिचं काम आम्ही दोन रकान्यांमधल्या रेघेवरच लिहून ठेवलं होतं. त्या भावाला अंगणवाडीत घालायला पुढे दोन महिने लागले, पण सुरुवात त्या रेघेपासून झाली. उत्तर नसलेला प्रश्न मुलांसमोर तसाच राहू दे. आपल्याला विचारलं जातं आणि ऐकलंही जातं, हे मुलाला तेवढ्याने कळतं. संहितेचं १२वं कलम तेच आहे.

एक गोष्ट थोडक्यात, पण अगदी पक्की लक्षात ठेव. एखादं मूल तुला त्याच्या अंगाला कोणी हात लावल्याचं सांगेल. "कोणाला सांगणार नाही" असं वचन त्याला कधीही देऊ नकोस. पोक्सो, म्हणजे मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या कायद्याने ते कळवणं तुझ्यावर बंधनकारक आहे. मुलावर विश्वास ठेव, तू बरं केलंस सांगितलंस म्हणून म्हण, पुन्हा पुन्हा खोदून विचारू नकोस, आणि त्याच दिवशी कळव. १०९८ हा मुलांच्या मदतवाहिनीचा क्रमांक भिंतीवर मुलांच्या उंचीवर लिही, मोठ्यांच्या नाही.

कार्यक्रम तू छोटाच घे. त्याआधी तुझ्या गावाच्या सड्यावर, त्या कातळमाळावर, एक चक्कर टाक. पाऊस संपून खाणी सुरू झाल्या असतील, झोपड्या उभ्या राहिल्या असतील. संध्याकाळी पाचनंतर जा, तेव्हा चिरे कापायचं यंत्र थांबतं आणि आया चुलीपाशी असतात. कायद्यातली ती प्रवेशाची कलमं एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून ने, कानडी येणाऱ्या कोणाकडून कानडीतही लिहून घे, आणि तो कागद त्यांच्यापाशीच ठेव. पुढच्या खाणीवर जाताना तो त्यांच्या ट्रंकेत असला पाहिजे. सोबत हजेरीची वही असू दे. मुलांना नाव विचारायचं तेही त्यांच्या बोलीत विचार: "निन्न हेसरेनु?" जे उत्तर येईल ते नीट ऐक, दोनदा म्हणून दाखव, बरोबर आहे असं मूल म्हणालं की मग लिही. किती नावं झाली ते मला कळव.

तुझ्या
बाई