बोट शनिवारी, तर मुंबई गुरुवारीच गाठा

वहिनी, ‘मुंबई तर पाहिलेलीच, क्रूझच्या दोन दिवस आधी जाऊन करायचं काय?’ असं म्हणताय खरं. पण तुम्ही पाहिलीत ती लेकाच्या डोंबिवलीच्या ब्लॉकमधून. आम्ही पहिल्या वेळी साताऱ्याहून त्याच दिवशी पहाटे निघालो आणि खंडाळ्याच्या घाटात तीन तास ताटकळलो. चेक-इन बंद व्हायला दहा मिनिटं उरली होती. ह्यांचं बीपी विचारू नका!

तेव्हा रात्रीची महालक्ष्मी पकडा, सकाळी सीएसएमटीला उतरा. मुक्काम फोर्टातच करा, लेकाकडे नको. क्रूझ सुटते तो बॅलार्ड पिअरचा धक्का तिथून हाकेच्या अंतरावर.

पाहुण्यांच्या लग्नांत राहून गेलेलं आता बघा. घारापुरीची त्रिमूर्ती बघाच. गेटवेवरून लाँच तासाभरात पोचवते, सोमवारी लेणी बंद. लाटांवर पोट ढवळतं का, तेही तिथेच कळेल. ढवळलं तर गोळ्या घ्यायला हातात दिवस असतो. एका पहाटे ससून डॉक. १८७५ सालचा धक्का, टोपल्यांतली कोळंबी, कोळणींचा आवाज. वासाची तयारी ठेवा.

कंदी पेढे मात्र मुंबईतच संपवा, बाहेरचं खाणं बोटीवर सहसा नेऊ देत नाहीत. आधार कार्डं पर्समध्ये, मोठ्या बॅगेत नको. ती बॅग धक्क्यावरच घेतात आणि खोलीत पोचते उशिरा.