अँबॅसॅडरचे प्लग आणि योग्य पाना

अरे, स्पार्क प्लग काढायचे ना, मग आधी तो रिंग पाना खाली ठेव. जुन्या १४८९ सीसी पेट्रोल अँबॅसॅडरच्या प्लगचा षटकोन, म्हणजे पाना बसतो तो भाग, २०.८ मिमीचा, म्हणजे १३/१६ इंची. २१ मिमीचा प्लग सॉकेट (प्लगवर बसणारी खोल वाटी) चालतो. आत रबर असलेलाच घे, प्लग धरून राहतो. पत्र्याचा नळीपाना रस्त्यात अडल्यावर ठीक, एरवी कडा खातो. एकदा घाईत मी साधा सॉकेट तिरका लावला आणि प्लगची पांढरी मान कट्‌कन तुटली! इंजिन गार होऊ दे, प्लगभोवतीची धूळ फुंकून काढ, नाहीतर ती थेट सिलिंडरमध्ये जाते. नवा प्लग मात्र हातानेच फिरव. चार-पाच आटे सहज गेले की मगच रॅचेट, म्हणजे सॉकेट फिरवायचा दांडा. अडला तर जोर नको, उलटा फिरवून पुन्हा लाव.